ऊस, विटा आणि बिशप ओदँ

शुगर लँड हे नाव ऐकून उसाचे मळे डोळ्यांपुढे येत असतील, तर आजच्या गावात ते औषधालाही सापडत नाहीत. ह्यूस्टनच्या नैर्ऋत्येला वीसेक मैलांवर वसलेलं हे गाव म्हणजे रुंद रस्ते, मुद्दाम खोदलेली तळी आणि तळ्यांकाठी एकसारखी घरं. २०२० च्या जनगणनेत इथली वस्ती एक लाख अकरा हजार भरली आणि तीत आशियाई वंशाचे लोक एक तृतीयांशाहून जास्त निघाले. अष्टलक्ष्मी मंदिराच्या आवारात नव्वद फुटी हनुमान उभा आहे. साखरेची म्हणावी अशी ठसठशीत खूण उरली आहे ती इम्पीरियल शुगर कारखान्याच्या चार हाऊसची, म्हणजे हाडांच्या कोळशातून साखरेचा पाक गाळून पांढरा करण्याच्या उंच, विटांच्या इमारतीची. कारखाना २००३ मध्ये बंद पडला.

भाचीकडे मुक्काम होता. तिला म्हटलं, मला गॅल्व्हेस्टनला एक चर्च बघायचं आहे. ती म्हणाली, "मामा, गॅल्व्हेस्टनला लोक समुद्र बघायला जातात." समुद्रही बघू म्हटल्यावर ती तयार झाली.

खरं तर चर्चपेक्षा एका माणसाचा माग काढायचा होता. झाँ-मारी ओदँ, टेक्सासचे पहिले कॅथलिक बिशप. शुगर लँडमधली सगळी कॅथलिक चर्चं आज ज्या गॅल्व्हेस्टन-ह्यूस्टन महाधर्मप्रांतात येतात, त्याचं मूळ ओदँच्या गॅल्व्हेस्टन धर्मप्रांतात आहे. १८४७ मध्ये तो स्थापन झाला तेव्हा अख्खं टेक्सास त्यात मोडत होतं. मुंबईहून निघालेल्या माणसाला हे चटकन उमजत नाही. आपल्याकडे नुसत्या मुंबई-वसई-पुणे-नाशिक एवढ्या टापूत निदान चार बिशप आहेत.

शुगर लँड आणि गॅल्व्हेस्टन यांची गाठ धर्माच्याही आधी जमिनीने घातली आहे. टेक्सास मेक्सिकोच्या ताब्यात असताना स्टीफन ऑस्टिनने सरकारशी करार करून अमेरिकन कुटुंबं आणून वसवली. त्याचा चिटणीस सॅम्युएल मे विल्यम्स. १८२८ मध्ये ऑयस्टर क्रीकच्या काठची जमीन विल्यम्सला मिळाली. तेच आजचं शुगर लँड. पुढे हाच विल्यम्स गॅल्व्हेस्टनला जाऊन सावकार आणि पेढीवाला झाला. त्याचं तिथलं लाकडी घर अजून उभं आहे. मेन राज्यात सांगाडा तयार करून तो जहाजाने आणून जोडलेला, असं ते घर.

ऑस्टिनच्या वसाहतीत एक अट होती: येणाऱ्याने कॅथलिक असलं पाहिजे. आलेले बहुतेक सगळे प्रॉटेस्टंट. जमीन मात्र एका कुटुंबाला एक लीग, म्हणजे ४,४२८ एकर, तीही जवळजवळ फुकट. एवढ्या जमिनीपुढे कॅथलिक म्हणवून घेणं कोणाला जड जाणार? अडचण वेगळीच होती. बाप्तिस्मा द्यायला आणि लग्नं लावायला धर्मगुरूच नव्हता. ऑस्टिन वर्षानुवर्षं मागणी करत राहिला, तेव्हा १८३१ मध्ये फादर मायकल मल्डून नावाचे आयरिश धर्मगुरू आले. दिलदार, खाण्यापिण्यात रमणारा, कोणाच्या श्रद्धेची फारशी झाडाझडती न घेणारा माणूस. त्यांनी घाऊक बाप्तिस्मे दिले, नवरा-बायको म्हणून कधीपासून नांदत असलेल्या जोडप्यांची लग्नं एकगठ्ठा लावून दिली, आणि अशा नावापुरत्या कॅथलिकांना टेक्सासमध्ये 'मल्डून कॅथलिक' असं नावच पडलं. ऑस्टिन मेक्सिको सिटीत तुरुंगात पडला तेव्हा त्याची विचारपूस करायलाही मल्डूनच गेले होते.

त्याही आधी, स्पॅनिश अमलात, टेक्सास हा लिनारेस धर्मप्रांताचा परसातला कोपरा होता. तिथले बिशप प्रिमो फेलिसियानो मारिन दे पोरास १८०५ मध्ये टेक्सासची फेरी करून गेले. १८३६ मध्ये टेक्सास मेक्सिकोपासून फुटून स्वतंत्र प्रजासत्ताक झालं आणि इथल्या कॅथलिकांना वाली उरला नाही.

शुगर लँडहून गॅल्व्हेस्टनला जायला ह्यूस्टनच्या गर्दीत शिरावं लागत नाही. हायवे सहा गावातूनच निघतो, मिसूरी सिटी, अल्व्हिन करत हिचकॉकपाशी मोठ्या रस्त्याला मिळतो आणि मग खाडीवरचा लांब पूल. जमीन तळहातासारखी सपाट. मधूनमधून दलदल, बगळे, तेलाच्या टाक्या, आणि गाड्या विकणाऱ्यांचे प्रचंड झेंडे. एसी लावलेल्या गाडीतून हा मुलूख बघताना ओदँनी तो घोड्यावरून कसा पार केला असेल याचा अंदाज बांधणं कठीणच. पावसाळी दिवसांत इथला काळा चिखल घोड्याच्या पोटापर्यंत यायचा म्हणतात. विदर्भातल्या काळ्या मातीत पावसात बैलगाडी हाकलेल्यांना ते सांगावं लागणार नाही.

ओदँचा जन्म १८०० मधला, मध्य फ्रान्समधल्या आंबिएर्ल गावाजवळ, शेतकऱ्याच्या भरल्या घरातला. १८२२ मध्ये, अजून पुरोहितदीक्षाही झालेली नसताना, ते मिशनरी म्हणून अमेरिकेत उतरले. मिसूरीतल्या पेरीव्हिल इथल्या, 'द बॅरन्स' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सेमिनरीत त्यांनी शिक्षण पुरं केलं, ते व्हिन्सेंशियन संघात दाखल झाले आणि १८२३ मध्ये त्यांना दीक्षा मिळाली. पुढची सतरा वर्षं शिकवणं, आर्कान्सासपर्यंतच्या फेऱ्या, इतरांचे हिशेब. चाळिशीला आलेला, अंगकाठीने किरकोळ, इंग्रजी-स्पॅनिश-फ्रेंच बोलणारा हा माणूस १८४० च्या जुलैत टेक्सासच्या किनाऱ्यावर लिनव्हिल नावाच्या बंदरात उतरला, तेव्हा सोबत मोजकेच सहकारी होते. ते पुढे सरकले आणि महिन्याभरात, ८ ऑगस्टला, कोमांची आदिवासींच्या मोठ्या धाडीत लिनव्हिल जळून खाक झालं. गावचे लोक होड्यांत बसून पाण्यातून आपली घरं जळताना बघत होते. लिनव्हिल पुन्हा वसलं नाही.

सान अँटोनियोला पोचल्यावर ओदँनी पहिलं काम केलं ते साफसफाईचं. तिथे दोन जुने मेक्सिकन धर्मगुरू होते, रेफूहियो दे ला गार्सा आणि होसे अंतोनियो वाल्देस. दोघांनी उघडउघड संसार थाटले होते. ओदँनी दोघांनाही काढून टाकलं. फ्रेंच आणि अमेरिकन चरित्रांत हा प्रसंग शिस्तीचा विजय म्हणून येतो. पण दे ला गार्सा त्याच गावचे. १८२२ मध्ये मेक्सिकोच्या पहिल्या काँग्रेसमध्ये टेक्सासचे प्रतिनिधी म्हणून बसलेले. आपल्याच गावात परक्यांचं राज्य आलेलं पाहणाऱ्या तिथल्या स्पॅनिशभाषकांना या हकालपट्टीत फक्त ब्रह्मचर्याचा प्रश्न दिसला असेल असं मला वाटत नाही.

परक्यांनाही ओदँनी काही सोपं ठेवलं नाही. त्याच ऑगस्टमध्ये कर्नल हेन्री कार्न्स हा टेक्सासच्या लढ्यातला नावाजलेला लढवय्या पीतज्वराने गेला. त्याच्या अंत्ययात्रेला सान फर्नांदो चर्चच्या घंटा वाजाव्यात अशी अमेरिकनांची इच्छा. कार्न्स कॅथलिक नव्हता. ओदँनी घंटा वाजवू दिल्या नाहीत. गावात दंगल व्हायची वेळ आली. ते ढिम्म हलले नाहीत.

मग मालमत्तेचा प्रश्न. स्पॅनिशांनी बांधलेल्या मिशन-इमारती नव्या प्रजासत्ताकाने ताब्यात घेतल्या होत्या. ओदँ थेट ऑस्टिन या राजधानीत गेले. तिथे फ्रान्सचा वकील म्हणून द्युब्वा द सालिनी होता. याच गृहस्थाचं पुढे शेजाऱ्याच्या डुकरांवरून भांडण जुंपलं, ते इतकं की फ्रान्स आणि टेक्सासचे राजनैतिक संबंध काही काळ तुटले. पण त्याआधी त्याने आपल्या मेजवान्यांत ओदँना आमदारांशेजारी बसवलं, आणि जानेवारी १८४१ मध्ये काँग्रेसने जुनी चर्चं कॅथलिकांना परत केली. त्यांत अलामोही होतं. टेक्सासच्या लोकांचं पवित्र स्मारक असलेली ती वास्तू पुढे अमेरिकन लष्कराने कोठार म्हणून चर्चकडून भाड्याने घेतली होती, आणि तिच्या दर्शनी भिंतीवरची जगप्रसिद्ध कमानदार टोपी लष्करानेच १८५० मध्ये चढवली. शाळकरी मुलांना हे कोणी सांगत नसावं.

डेट्रॉइटचं बिशपपद देऊ केलं होतं ते ओदँनी नाकारलं. टेक्सासचं मात्र नाकारता आलं नाही: ६ मार्च १८४२ रोजी न्यू ऑर्लिन्सला त्यांचा अभिषेक झाला. पाच वर्षं व्हिकर अपोस्टोलिक, म्हणजे धर्मप्रांत होण्याआधी रोमने नेमलेला कारभारी बिशप, आणि १८४७ मध्ये धर्मप्रांत झाल्यावर गॅल्व्हेस्टनचे बिशप.

गॅल्व्हेस्टनला एकविसाव्या रस्त्यावर, चर्च स्ट्रीटलगत, सेंट मेरीज कॅथेड्रल उभं आहे. बाहेरून फिकट गिलावा, पुढे दोन टोकदार मनोरे, मध्ये आणखी एक मनोरा आणि त्यावर समुद्राकडे पाहणारी मारियामातेची मूर्ती. मूर्ती आणि मधला मनोरा नंतरचे, १८७५ च्या वादळानंतरचे. ओदँचं चर्च त्याखालचं. मार्च १८४७ मध्ये पायाभरणी, नोव्हेंबर १८४८ मध्ये उद्घाटन. भिंतीत सुमारे पाच लाख विटा आहेत आणि त्या आल्या बेल्जियमहून, जहाजांतून. दगड नाही, चांगली माती नाही, अशा वाळूच्या बेटावर वीट बाहेरूनच यायची. गिलाव्यामुळे ती कुठे दिसत नाही; मी भिंतीला वळसा घालून एखादा पोपडा निघालाय का बघत होतो, तेवढ्यात भाचीने मी ओळखीचा नसल्यासारखं तोंड फिरवलं.

आत सावली आणि लाकडाचा वास. खांब बारीक, छत उंच, बाकं साधी. २००८ च्या आईक चक्रीवादळात इथे पाणी शिरलं होतं. कित्येक वर्षं दुरुस्ती चालली होती. पण ८ सप्टेंबर १९०० च्या वादळात, जेव्हा बेटावरची किमान सहा हजार माणसं एका रात्रीत गेली, तेव्हा ही इमारत टिकली. शहराबाहेर पश्चिमेला समुद्राकाठी असलेलं सेंट मेरीज अनाथालय मात्र राहिलं नाही. सिस्टरांनी मुलांना कपडे वाळत घालायच्या दोरीने आपल्या कमरेशी बांधून घेतलं होतं. दहा सिस्टर आणि नव्वद मुलं गेली. तीन मुलगे वाचले. ज्या संघाच्या या सिस्टर, तो संघ ओदँनंतरचे बिशप क्लोद द्युब्वी यांनी १८६६ मध्ये ल्यों शहरातून माणसं आणून उभा केला होता.

ल्यों हे नाव या कहाणीत सारखं येतं. १८२२ मध्ये तिथे धर्मप्रसार-निधी सुरू झाला. गिरणीतल्या मजुरापासून दुकानदारापर्यंत लोक आठवड्याला एक पैसा टाकायचे आणि बदल्यात जगभरच्या मिशनऱ्यांची पत्रं छापलेला अंक वाचायला मिळायचा. टेक्सासचा बिशप या पैशावर जगत होता. म्हणून तो पत्रं लिहायचा. नदी ओलांडताना भिजलेली पोथी, कुठे मक्याची भाकरी आणि खारवलेलं मांस, कुठे तेही नाही, कित्येक वर्षांत कुमसार, म्हणजे पापांची कबुली, न केलेला म्हातारा, हे सगळं ओदँ फ्रान्सला कळवत राहिले. बिशप म्हटलं की डोक्यावर मायटर आणि हातात दंड आठवतो; ओदँचं खरं हत्यार लेखणी होती आणि खरा धंदा, सभ्य शब्दांत, मागणं. १८४५ मध्ये ते युरोपात गेले आणि पुरोहित मागून आणले. पुढे पुन्हा गेले. न्यू ऑर्लिन्सच्या उर्सुलाइन सिस्टरांकडे शाळा मागितली, त्या १८४७ मध्ये गॅल्व्हेस्टनला आल्या. ऑब्लेट फादर आणले, मारियानिस्ट ब्रदर आणले. पीतज्वर जवळपास दर काही वर्षांनी यायचा आणि आणलेली माणसं घेऊन जायचा. की पुन्हा मागणं.

कळपही एका भाषेचा नव्हता. कास्त्रोव्हिलला आल्सेसमधले शेतकरी. त्यांच्या चर्चची पायाभरणी करायला ओदँ १८४४ मध्ये स्वतः गेले होते. न्यू ब्राउनफेल्सला जर्मन, सान पॅट्रिसियोला आयरिश, रिओ ग्रांदेच्या काठाने मेक्सिकन, आणि १८५४ च्या नाताळच्या सुमारास पान्ना मारिया इथे उतरलेले सायलेशियातले पोलिश. १८६१ मध्ये ओदँनी टेक्सास सोडलं तेव्हा तिथे चाळीसच्या आसपास पुरोहित होते. आले तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

याच काळात आपल्याकडे मुंबईत अनास्तासियुस हार्टमान हे स्विस कापुचिन बिशप व्हिकर अपोस्टोलिक होते. दोघांना एकाच कार्यालयातून, रोमच्या प्रोपागांडा फीदेकडून, हुकूम यायचे. ओदँपुढे जुना मेक्सिकन धर्मप्रांत दुबळा होऊन बाजूला झाला; हार्टमानपुढे पोर्तुगालचा पाद्रोआदो, म्हणजे चर्चवरचा राजाश्रयाचा जुना हक्क, हटायला तयार नव्हता. मुंबई बेटावरची चर्चं कोणाची, गोव्याच्या आर्चबिशपची की रोमने नेमलेल्या व्हिकरची, यावरून भाऊबंदकीला लाजवील असं भांडण चाललं होतं. १८५३ मध्ये माहीमच्या सेंट मायकल चर्चचा ताबा सुटू नये म्हणून हार्टमान स्वतः आत ठाण मांडून बसले आणि बाहेरून विरोधकांनी वेढा घातला. 'एक्झामिनर' हे मुंबईच्या कॅथलिकांचं साप्ताहिक त्यांनीच १८५० मध्ये सुरू केलं. ओदँना वाळवंट आणि दलदल भेडसावत होती, हार्टमानना स्वतःचेच धर्मबंधू. मला विचाराल तर घोडा आणि चिखल परवडला.

पण ओदँच्या वाट्याला एक प्रश्न होता जो हार्टमानच्या वाट्याला त्या रूपात आला नाही, आणि तो शुगर लँडच्या मातीतच होता.

विल्यम्सची जमीन १८५० च्या दशकात विल्यम काइल आणि बेंजामिन टेरी यांच्याकडे गेली. त्यांनी उसाचा मळा वाढवला, टेक्सासची पहिली आगगाडी इथपर्यंत यावी म्हणून पैसा घातला. ऊस तोडणारे, चरकात घालणारे, कढयांपाशी रात्र काढणारे हात गुलामांचे होते. १८६० मध्ये फोर्ट बेंड परगण्यात गोऱ्यांपेक्षा गुलामांची संख्या दुपटीहून जास्त होती. टेरी अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेच्या महासंघाच्या बाजूने लढायला गेला आणि १८६१ मध्ये केंटकीत पहिल्याच चकमकीत मेला.

बिशप याबद्दल काय म्हणाले? विरोधात काही नाही. १८३९ मध्ये पोप सोळावे ग्रेगरी यांनी गुलामांच्या व्यापाराचा निषेध करणारं पत्रक काढलं होतं. अमेरिकेतल्या बिशपांनी त्याचा सोयीचा अर्थ लावला: आफ्रिकेतून माणसं आणणं वाईट, घरी आहेत ती ठेवायला हरकत नाही. ओदँ ज्या सेमिनरीत घडले त्या बॅरन्समध्ये खुद्द व्हिन्सेंशियनांकडे गुलाम होते. जो माणूस एका घंटेसाठी गावाशी वैर घ्यायला तयार होता, त्याने या बाबतीत टेक्सासच्या मळेवाल्यांशी कधी वैर घेतलं नाही. मागून जगणाऱ्याला सगळ्यांशी बरं ठेवावं लागतं, हे एक स्पष्टीकरण. ते मला पुरत नाही. त्यांना यात काही गैर वाटतच नसावं, हे जास्त खरं असेल.

गुलामी संपली तरी ऊस तोडायला माणसं हवीच होती. १८७८ पासून इथल्या मळ्यांना सरकारकडून कैदी भाड्याने मिळू लागले, आणि ते बहुतेक काळे होते. २०१८ मध्ये शुगर लँडमध्ये शाळेची नवी इमारत बांधताना जमिनीत पंचाण्णव जणांचे सांगाडे निघाले. तिथे असं काहीतरी सापडेल असं रेजिनाल्ड मूर हे तुरुंगातले निवृत्त पहारेकरी वर्षानुवर्षं सांगत होते. कोणी ऐकत नव्हतं. आता तिथे दफनभूमी आहे. भाचीच्या घरापासून गाडीने थोड्याच अंतरावर, आणि तिला ती ठाऊक होती. मुलांच्या शाळेत याबद्दल शिकवतात, म्हणाली.

१८६१ मध्ये ओदँ न्यू ऑर्लिन्सचे आर्चबिशप झाले आणि गुलामीचा प्रश्न पाद्र्याचा झगा घालून त्यांच्या दारात आला. क्लोद पास्काल मेस्त्र हे त्यांचेच देशबांधव धर्मगुरू सेंट रोज ऑफ लिमा चर्चमध्ये काळ्या-गोऱ्यांना एकत्र बसवत होते आणि गुलामीविरुद्ध उघड बोलत होते. शहर तोवर उत्तरेच्या सैन्याने जिंकलं होतं. मे १८६३ मध्ये आर्चबिशपांनी मेस्त्र यांचे अधिकार काढून घेतले आणि चर्चवर बंदी घातली: तिथल्या मिस्सेला कोणी जायचं नाही. त्याच महिन्यात पोर्ट हडसनच्या हल्ल्यात कॅप्टन आंद्रे कायू मारला गेला. जन्माने गुलाम, पुढे मुक्त, व्यवसायाने सिगार वळणारा, धर्माने कॅथलिक, आणि उत्तरेच्या सैन्यातला काळा अधिकारी. त्याचं प्रेत कित्येक आठवडे रणांगणावर पडून होतं. २९ जुलैला न्यू ऑर्लिन्समध्ये त्याची अंत्ययात्रा निघाली तेव्हा रस्ते काळ्या माणसांनी फुलून गेले होते. अंत्यविधी केला मेस्त्र यांनी, आर्चबिशपांचा हुकूम मोडून. नंतर त्यांनी वेगळं चर्च काढलं आणि ते सात वर्षं चालवलं.

ओदँ व्हॅटिकनच्या धर्मपरिषदेसाठी रोमला गेले, तिथे तब्येत ढासळली म्हणून जन्मगावी परतले आणि २५ मे १८७० रोजी आंबिएर्लला वारले. त्यांच्या जागी नेपोलियाँ पेर्शे आर्चबिशप झाले. त्याच वर्षी मेस्त्र यांनी पेर्शेंपुढे माघार घेतली आणि आपलं चर्च बंद केलं.